रात्रीची सर्व्हिसिंग : आई-बाबांची गाडी, नागपूर

नमस्कार मंडळी,
आई-बाबा लक्ष्मीनगरला दोघंच असतात. गाडी सर्व्हिसिंगला टाकली की अख्खा दिवस जातो आणि आईची फिजिओथेरपी बुडते. शोरूमवाले म्हणतात, संध्याकाळी गाडी नेतो, सकाळी आणून देतो. बाबांचा जीव काही धजत नाही. कोणाला अनुभव?
(अमेरिकेतल्या एडिसनहून)

---

दादा,
सध्या मी धरमपेठेत सासऱ्यांकडे आहे. आम्ही दोनदा असं करून घेतलं, म्हणून लिहिते.

ऑइल, फिल्टर, ब्रेकची साफसफाई, अलाइनमेंट एवढं रात्रीतून आरामात होतं. डेंटिंग-पेंटिंग मात्र दिवसाच द्या.

खरी अडचण फोनची. मेकॅनिकला काही वेगळं सापडतं ते रात्री दहा-साडेदहाला. पहिल्या वेळी सासऱ्यांनी अर्धवट झोपेत 'हो हो' म्हटलं आणि सकाळी बिलात नवी बॅटरी! जुनी दाखवा म्हटलं, तर ती तिथे नव्हतीच. नागपूरच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर जाते हे कबूल, पण आमची गेली होती की नाही, आता कसं कळणार? म्हाताऱ्या माणसाला झोपेतून उठवून असा होकार घेतात, हे मला फार लागलं.

म्हणून जॉबकार्डवर, म्हणजे गाडी देताना कामं लिहून घेतात त्या कागदावर, तुमचा नंबर द्या. इथे रात्रीचे दहा, तेव्हा डिसेंबरात तुमच्याकडे सकाळचे साडेअकरा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि एस्टिमेट मागवा, मगच हो म्हणा. 'विचारल्याशिवाय ज्यादा काम नाही, जुने पार्ट डिकीत ठेवावे' हेही लिहून घ्या. दुसऱ्या वेळी असंच केलं. रात्री ब्रेक पॅडचे फोटो आले, ते खरंच झिजले होते, आम्ही बदलायला सांगितले.

बाबांना म्हणावं, 'गाडी खडखड करून राहिली' एवढंच सांगू नका. ब्रेकरवर वाजते की वळताना, ते सांगा. सकाळी गाडी ताब्यात घेण्याआधी शोरूमच्या ड्रायव्हरला शेजारी बसवून गल्लीत एक चक्कर मारायची.

---

ताई,
मनापासून आभार. नंबर आजच देतो. जानेवारीत आई-बाबा समृद्धीनं शिर्डीला जाणार आहेत. टायरचं काय?

---

दादा,
समृद्धीवर गाड्या 120 नं जातात, तेव्हा टायरकडे दुर्लक्ष नकोच. झीज आणि बाजूच्या चिरा बघायला जॉबकार्डवरच लिहा. स्टेपनीतली हवाही. हवेचं प्रेशर मात्र टायर गार असतानाच बघायचं, म्हणजे निघायच्या दिवशी सकाळी, घराजवळच्या पंपावर.