मदत हवी आहे: विल्यम बॉइस मोठेपणीही गायक म्हणून नोकरीत होते का?

आमच्या गायनवृंदाच्या कार्यक्रमपत्रिकेसाठी इंग्रज संगीतकार विल्यम बॉइस (१७११–१७७९) यांचा अर्ध्या पानाचा परिचय लिहितेय. एका ओळीवर गाडी अडलीये.

हाताशी आहे ते असं: लहानपणी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये गायक, आवाज फुटल्यावर तिथलेच ऑर्गनवादक मॉरिस ग्रीन यांच्याकडे उमेदवारी, १७३६ मध्ये चॅपल रॉयलचे (इंग्लंडच्या राजघराण्याच्या उपासनेसाठीची धर्मगुरू-गायकांची संस्था) संगीतकार, १७५८ मध्ये तिथलेच ऑर्गनवादक. जुन्या चर्चसंगीताचे तीन खंड त्यांनी १७६० ते १७७३ दरम्यान काढले, तेही ऐकू येणं कमी होत असताना! माझ्या मते खरं मोठं काम हेच, पण पत्रिकेत जागा नाही.

जुने इंग्रजी चरित्रकोश आणि विकिपीडिया बघून झालं, लिंक नकोत. तिथे पदांची यादी मिळते, कामाचं स्वरूप नाही. महागडी पुस्तकं मागवणं शक्य नाही, मजकूर शनिवारी छपाईला जातोय.

संयोजकांना ‘आजन्म चर्चगायक’ असं छापायचंय, मला ते खटकतंय. चॅपल रॉयलच्या संगीतकाराला रोजच्या उपासनेत स्वतः गावंही लागायचं, की गायकांच्या नेमणुका वेगळ्या असायच्या?