'विपर्यास' लिहू की 'ध चा मा'?

सदाफुली:
सोसायटीच्या सभेत मी उठून म्हणाले, "लिफ्टचं काम दिवाळीनंतर काढा. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चार मजले कशा उतरतील त्या?" काल इतिवृत्त हातात पडलं. त्यात माझ्या नावापुढे एकच ओळ: 'लिफ्टच्या कामास विरोध.' अहो, त्या लिफ्टची सगळ्यांत जास्त गरज आम्हालाच आहे! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सेक्रेटरींना पत्र लिहायला बसले आणि 'माझ्या म्हणण्याचा विपर्यास' इथेच अडले. शेजारच्या काकू म्हणतात, सरळ 'ध चा मा केला' लिही. दोन्हींचा अर्थ एकच ना?

जुना मुद्रितशोधक:
नाही ताई. 'ध चा मा'मागे नारायणराव पेशव्यांचा खून आहे, ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा. हुकमातलं 'धरावे' आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, असं सांगत आले आहेत. म्हणजे घात करायला अक्षर बदललं. एवढा आरोप शेजाऱ्यावर नका ठेवू.

'विपर्यास'मध्ये 'अस्' हा धातू आहे, अर्थ फेकणे. बोलणं उलटं होऊन पडलं, एवढंच त्यात येतं; मुद्दाम की नकळत, ते शब्द सांगत नाही. माझ्या हातून एकदा झालाय. 'हे औषध अपायकारक नाही असे नाही.' रकान्यात ओळ मावेना, म्हणून शेवटचं 'असे नाही' मी कापलं. दुसऱ्या दिवशी लेखक डॉक्टर स्वतः कचेरीत आले, कात्रण माझ्यापुढे ठेवलं आणि काही न बोलता उभे राहिले. तो चेहरा अजून आठवतो. तुमच्या इतिवृत्तातही असंच 'दिवाळीनंतर' गळलं असेल.

माळरान:
पण 'विपर्यास' वाचलं की टीव्हीवरचे पुढारीच आठवतात. बोलून फसले की तोच शब्द. 'चुकीची नोंद' लिहा.

जुना मुद्रितशोधक:
'चुकीची नोंद' म्हणजे तारीख चुकली, नाव चुकलं. इथे होकाराचा नकार झालाय. पुढाऱ्यांनी वापरला म्हणून चांगला शब्द त्यांना देऊन टाकायचा का? ताई, तुमचं मूळ वाक्य पत्रात जसंच्या तसं द्या. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करण्याआधी दुरुस्ती मागा.

सदाफुली:
काका, असं लिहिलंय: 'मी काम दिवाळीनंतर सुरू करावे अशी विनंती केली होती. "विरोध" या नोंदीने माझ्या म्हणण्याचा विपर्यास होतो. कृपया दुरुस्ती करावी.' सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'विनंती'च्या आधी 'नम्र' घाल. घातलं.