मॅकबेथ खडी गंमतीत: हार्लेमच्या प्रयोगातून काय घ्यावं?

महालकर: नागपूरची हौशी संस्था, १६ जण. 'मॅकबेथ' खडी गंमतीच्या, म्हणजे आपल्या विदर्भातल्या लोकनाट्याच्या, बाजात बसवून राहिलो. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला १९३६ चा 'वूडू मॅकबेथ' डोक्यात आहे. चेटकिणींच्या जागी गोंडी भगत (मांत्रिक) चालेल? शाहीर कुठं घालायचा?

विंगेतला_बाप्पा: भगत नको भाऊ. हार्लेमच्या लफायेट थिएटरातले ते नट कृष्णवर्णीय, पण दिग्दर्शक ऑर्सन वेल्स गोरा, वय २०. स्कॉटलंडऐवजी हैतीसारखं बेट घेतलं, ढोल जबरदस्त. पण वूडू हा तिथला धर्म नुसता भेवाडायला वापरला, हा आक्षेप आजही आहे. पुण्या-मुंबईकडून झाडीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला, माणूस दाखवतात ना, तसंच.

त्यापेक्षा 'द गॉस्पेल ॲट कोलोनस' (१९८३) बघा. दिग्दर्शक ली ब्रूअर, तोही गोराच. पण सोफोक्लिसच्या ग्रीक नाटकातला कोरस तिथं कृष्णवर्णीयांच्या चर्चमधला गायकवृंद होतो, नायक ईडिपसची गाणी अंध गायकांचा संघ गातो, निवेदन प्रवचनकार करतो. प्रत्येक गोष्टीला नाटकात काम आहे, सजावट नाही. तुमच्याकडे शाहिराला निवेदन द्या. आणि राजा डंकनच्या खुनानंतरचा दारुड्या द्वारपाल? तो तर गंमतीतला सोंगाड्याच, आयता!

ढोलकी_सीताबर्डी: खुनानंतर दारावर पडणारी थाप ढोलकीच्या धुमावर, म्हणजे जाड आवाजाच्या बाजूवर, उघड्या पंजानं. आधी दोन, मग शांतता, मग तीन. लय धरली की प्रेक्षक टाळ्यांचा ठेका देतो आणि खून वाया जातो. संवादाखाली फक्त तुणतुणं, ढोलकी वाक्य संपल्यावर. नाहीतर मागच्या रांगांना शब्द पोचत नाहीत. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत कातडं ताणून सूर चढतो, वर दिव्यांची ऊब. दिवे लागून अर्धा तास झाला की मगच जुळवा.

संहितावाला: केनी लिऑन, हा स्वतः कृष्णवर्णीय. २०१९ ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात 'मच अडू अबाउट नथिंग' केलं. सगळे नट कृष्णवर्णीय, काळ २०२० च्या निवडणुकीचा, जागा अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य. भाषा मात्र शेक्सपिअरचीच, मध्ये गाणी. म्हणजे शब्द बदलण्याआधी बोलणारा कोण, कुठं उभा, ते ठरवा. चेहऱ्याला काळा रंग तर अजिबात नको.

आणि अनुवाद कोणाचा? शेक्सपिअर मोकळा आहे, पण 'मॅकबेथ'वरून लिहिलेलं शिरवाडकरांचं 'राजमुकुट' घेतलं तर परवानगी लागेल. ते १९९९ ला गेले, हक्क ६० वर्षं, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत. नाटकांच्या संहिता मंजूर करणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता द्याल तेव्हा शाहिराची कवनंही त्यात लिहून द्या. ऐनवेळी घातलेली कवनं मंजूर संहितेबाहेरची ठरतात.

महालकर: थापेच्या वेळी तुणतुणंही बंद?

ढोलकी_सीताबर्डी: तार बोटानं दाबून ठेवायची. नुसतं थांबवलं तर ती गुणगुणत राहते.