शब्दचर्चा: ‘शुद्धता’, ‘ब्रह्मचर्य’ की ‘शील’?

विचारणा
विवाहपूर्व शिबिरात वाटायच्या मजकुराचं मराठीकरण चालू आहे. मूळ लॅटिन शब्द ‘कास्तितास’, इंग्रजीत ‘चॅस्टिटी’. कोशात ब्रह्मचर्य, पावित्र्य, शुचिता, शील, पातिव्रत्य, कौमार्य असे सगळे शब्द सापडतात. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २३४८ व्या परिच्छेदात म्हटलं आहे की, बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला कास्तितासचं पाचारण आहे. इथे कोणता शब्द घालावा?

प्रतिसाद १
‘ब्रह्मचर्य’ घालून वाक्य मोठ्याने वाचून बघा: ‘बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला ब्रह्मचर्याचं पाचारण आहे.’ म्हणजे ख्रिस्ती माणसाने लग्नच करू नये! शिबिराला आलेली जोडपी गोंधळतील. त्याच्या पुढचाच परिच्छेद, २३४९, संत अँब्रोजचा आधार घेऊन तीन रूपं सांगतो: विवाहितांची, विधवांची आणि कौमार्य पाळणाऱ्यांची. नवरा-बायकोची एकमेकांशी निष्ठा आणि त्यांचा देहसंबंध हा कास्तितासचाच भाग आहे. ‘ब्रह्मचर्य’ मराठीत अविवाहित राहण्याशी इतकं जोडलेलं आहे की तो अर्थ त्यात मावत नाही.

हा शब्द राखून ठेवावा तो व्रतस्थांसाठी. धर्मभगिनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेतात, तिथे तो चपखल बसतो. धर्मप्रांताच्या धर्मगुरूबद्दल लिहिताना मात्र ‘व्रत’ म्हणू नका. लॅटिन परंपरेत तो डीकनपदाच्या (धर्मगुरूपदाच्या आधीच्या पायरीच्या) दीक्षेच्या वेळी अविवाहित राहण्याचं वचन स्वीकारतो, व्रतस्थांची तीन व्रतं घेत नाही.

माझं मत: सर्वसाधारण अर्थाला ‘शुद्धता’, जोडप्यांसाठी ‘वैवाहिक शुद्धता’.

प्रतिसाद २
‘शुद्धता’ला माझी हरकत नाही, पण ‘शुद्धी’ कटाक्षाने टाळा. एक तर ‘शुद्धीवर येणे’ डोक्यात येतं. दुसरं म्हणजे धर्मांतरितांना परत घेण्याच्या चळवळीचं नावच शुद्धी होतं. ख्रिस्ती मजकुरात तो शब्द भलतीकडे नेतो.

‘पावित्र्य’ही इथे नको. ‘पवित्र आत्मा’, ‘पवित्र शास्त्र’, ‘पवित्र मिस्सा’ या सगळ्यांत ते देवाशी जोडलेलं आहे. एक सद्गुण आणि देवाचं स्वरूप यांना एकच शब्द दिला की वाचकाच्या हाती नेमकं काहीच लागत नाही.

प्रतिसाद ३
मराठी वाचकाच्या मनात ‘शुद्ध’च्या मागे ‘सोवळं’ उभं असतं, ते विसरू नये. सोवळ्याचं वस्त्र धुऊन काठीने उंच दांडीवर वाळत घालतात, कारण दुसऱ्या कुणाचा हात लागला की ते ओवळं झालं. म्हणजे अशुद्धता बाहेरून येते आणि स्पर्शाने चिकटते. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू नेमकं याच्या उलट सांगतो: बाहेरून आत जाणारं माणसाला विटाळत नाही, अंतःकरणातून निघतं ते विटाळतं. म्हणून मजकुरात पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘अंतःकरणाची शुद्धता’ असं पूर्ण लिहा. ‘जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य’ हे डोंगरावरच्या प्रवचनातलं वचन (मत्तय ५:८) सगळ्यांच्या कानावर आहेच. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘काथारोस’ आहे, म्हणजे भेसळ नसलेलं, स्वच्छ.

प्रतिसाद ४
सगळ्यात घातक शब्द ‘शील’ आणि ‘अब्रू’. यावर थांबून बोललं पाहिजे.

मराठीत ‘शीलभ्रष्ट’ म्हटलं की बाईच डोळ्यांसमोर येते, ‘पतिव्रता’ला पुरुषाचं रूप रूढ नाही, आणि अत्याचार झाला की ‘तिचं शील भ्रष्ट केलं’, ‘अब्रू लुटली’ असं सर्रास लिहिलं जातं. गुन्हा एकाचा आणि भ्रष्ट झाली ती! कॅथलिक शिकवणीत याला अजिबात जागा नाही. रोम इ. स. ४१० मध्ये लुटलं गेलं, तेव्हा अत्याचार सोसलेल्या स्त्रियांबद्दल लोक नाही नाही ते बोलत होते. त्यावर संत ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात निक्षून सांगितलं की शुद्धता हा इच्छाशक्तीचा गुण आहे, जिची संमती नाही तिची शुद्धता दुसऱ्याच्या दुष्कृत्याने जात नाही.

अत्याचाराला नकार दिला म्हणून मारली गेलेली इटालियन मुलगी मारिया गोरेत्ती (१८९०–१९०२, संतपद १९५०) हिच्याबद्दल लिहितानाही हेच भान हवं. ‘शील वाचवण्यासाठी मेली’ असं लिहिलं की अत्याचार सोसून जिवंत राहिलेल्या प्रत्येक मुलीवर न बोलता ठपका येतो. तिने नकार दिला, आणि मरताना मारणाऱ्याला क्षमा केली, असं लिहा. ‘शील’ शब्द मजकुरातून काढूनच टाका.

प्रतिसाद ५
दोन बारीक गोष्टी. मध्ययुगीन धर्मपंडित संत थॉमस अक्विनास ‘कास्तितास’ आणि ‘कोंतिनेन्तिया’ वेगळे ठेवतो. दुसऱ्यात वासना उसळते आणि माणूस ती रोखून धरतो. त्याला ‘निग्रह’ म्हणा. पहिल्यात ओढच विवेकाच्या कह्यात आलेली असते. मोबाइलवर नको ते समोर येताच दात-ओठ खाऊन बंद करणं हा निग्रह. तिथून सुरुवात करायला हरकत नाही, पण त्यालाच शुद्धता म्हटलं तर तरुणांना वाटतं, जन्मभर दात-ओठच खायचे.

दुसरं, आज्ञेचा क्रमांक. कॅथलिक मोजणीत ‘व्यभिचार करू नको’ ही सहावी आज्ञा, बहुतेक प्रॉटेस्टंट मोजणीत सातवी. जुनं मराठी ख्रिस्ती साहित्य बरंचसं प्रॉटेस्टंट मिशनांचं. त्यातून उतारा घेतलात तर आकडा तपासा.

विचारणा करणारा
आभार. ‘मॉडेस्टी’ला ‘विनय’ चालेल का? कायद्यात ‘विनयभंग’ आहे म्हणून विचारतो.

प्रतिसाद ४
कायद्याबाहेर विनय म्हणजे नम्रता. ‘विनयशील कपडे’ कुणी म्हणत नाही. धर्मशिक्षण ग्रंथाच्या २५२१ व्या परिच्छेदाचा रोख जे झाकलेलं राहायला हवं ते उघडं न करण्यावर आहे, नजर आणि वागणं यांसकट. ‘मर्यादा’ घ्या. मुलग्यांनाही तो शब्द लागू पडतो.

प्रतिसाद ३
आणि मुलांच्या वर्गासाठी ‘नितळ’ वापरून बघा. गोव्याच्या कोंकणीत ‘नितळ काळीज’ म्हणतातच. मराठीत नितळ पाणी म्हणजे तळाचा खडा वरून दिसतो ते. दहा वर्षांच्या मुलाला ‘अंतःकरणाची शुद्धता’ समजावत बसण्यापेक्षा हे लवकर कळेल.