सुपर रिझोल्यूशन मायक्रोस्कोप: गरज की हौस?

पेशीपंडित:
थेट मुद्द्यावर येतो. हल्ली ज्याला त्याला स्टेड नाहीतर स्टॉर्म, म्हणजे साध्या मायक्रोस्कोपपेक्षा कितीतरी बारीक दाखवणारं सुपर रिझोल्यूशन मशीन हवंच असतं आणि आणल्यावर त्यावर कॉन्फोकलचंच (नेहमीच्या लेझर मायक्रोस्कोपचं) काम चालतं. 2014 चं केमिस्ट्रीचं नोबेल बेट्झिग, हेल आणि मोर्नर यांना मिळालं, अगदी रास्त मिळालं, पण सँपलच धड नसेल तर 20-30 नॅनोमीटरचं रिझोल्यूशन (इतक्या जवळचे दोन ठिपके वेगळे दिसणं) घेऊन करायचं काय? मायक्रोट्यूब्यूल (पेशीच्या सांगाड्यातल्या नळ्या) बघायचे आणि पेशींवर फ्रीजमधलं थंडगार पीएफए (पेशी आहे तशी टिकवायचं, म्हणजे फिक्सिंगचं रसायन) ओतायचं, थंडीने ते आधीच विरघळायला लागतात, मग म्हणायचं मशीन नीट दाखवत नाही. पाण्यातल्या सँपलला ऑइल लेन्स लावतात, तेलाचा अपवर्तनांक 1.518 आणि पाण्याचा 1.33, थोडं खोल गेलं की सगळं फिसकटतं. नाचता येईना अंगण वाकडं!

धूसर:
अजिबात पटलं नाही. लोकांना फिक्सिंग जमत नाही म्हणून मशीनच नको, हे कुठलं लॉजिक? आबे या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने 1873 मध्येच सांगून ठेवलंय की साध्या लेन्सने प्रकाशाच्या निम्म्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे ढोबळमानाने 200 नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसणार नाहीत. अ‍ॅक्सॉनमधल्या (मज्जापेशीच्या लांब धाग्यातल्या) अ‍ॅक्टिन प्रोटीनच्या कड्या घ्या, साधारण 190 नॅनोमीटरवर एक अशा ओळीने असतात आणि 2013 मध्ये स्टॉर्मने त्या दिसल्या. कॉन्फोकलला तिथे एक सलग पट्टा दिसतो, बस. सँपल सोन्याचं बनवा हवं तर, पट्टाच दिसणार.

पेशीपंडित:
हे उदाहरण येणार माहीतच होतं :) असे प्रश्न किती जणांचे असतात हो? बहुतेकांना प्रोटीन न्यूक्लियसमध्ये गेलं की नाही एवढंच बघायचं असतं, त्याला साधा वाइडफील्ड मायक्रोस्कोपसुद्धा पुरतो.

धूसर:
आणि दोन प्रोटीन्सना लावलेले लाल-हिरवे रंग एकत्र येऊन पिवळं दिसलं की "दोन्ही प्रोटीन्स एकमेकांना चिकटलीत" असं छापणाऱ्यांचं काय? त्या पिवळ्या ठिपक्यात दोघांमध्ये 150 नॅनोमीटरचं अंतरही असू शकतं. कॉन्फोकलच्या भरवशावर केलेले असले दावेच जास्त घातक आहेत.

लेझरवाली:
मी ही मशीन्स सांभाळते, सो दोघांचंही थोडं थोडं बरोबर. पण एक गोष्ट कोणी बोलतच नाहीये. प्रोटीनला चिकटणारी प्रायमरी अँटिबॉडी, तिच्यावर सेकंडरी, आणि तिच्या टोकाला डाय (चमकणारा रंग), म्हणजे डाय मूळ प्रोटीनपासून 15-20 नॅनोमीटर लांब जाऊन बसलेला. तुम्ही 20 नॅनोमीटरच्या गप्पा मारताय आणि चूकच तेवढी आहे! नॅनोबॉडी (अँटिबॉडीचा छोटासा तुकडा) वापरा म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. स्टॉर्मचा बफरही तसाच, ग्लुकोज ऑक्सिडेज घातलेला बफर हवा लागली की हळूहळू आम्ल होत जातो, डायचं ब्लिंकिंग (ज्यावर स्टॉर्म चालतं ती उघडझाप) बिघडतं, तरी कालची उरलेली ट्यूब घेऊन लोक हजर. सिममध्ये (पट्ट्यापट्ट्यांच्या प्रकाशाचं तिसरं सुपर रिझोल्यूशन मशीन) तर रिकन्स्ट्रक्शनमधून, म्हणजे कॉम्प्युटरने चित्र जुळवताना आलेली मधाच्या पोळ्यासारखी नक्षी पेशीची रचना म्हणून दाखवतात. रॉ डेटा मागितला की म्हणे डिलीट केला. 🤦

जेलवाला:
मग एक्सपान्शन करा ना. 2015 पासून आहे, सँपल जेलमध्ये धरायचं, प्रोटीएजने (प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमने) सैल करायचं आणि पाण्यात फुगवायचं, सगळ्या बाजूंनी साधारण चौपट होतं, मग आहे त्याच कॉन्फोकलवर 70 नॅनोमीटरच्या आसपास दिसतं. लेझर नको बिझर नको.

धूसर:
मेलेल्या पेशीत ठीक आहे. जिवंत पेशीत काय फुगवणार?

जेलवाला:
जिवंतमध्ये तुमचा स्टेड तरी काय दिवे लावतो, त्याच्या डिप्लीशन बीमने (कडेची चमक विझवणाऱ्या जोरदार लेझरने) पेशीच भाजून निघते.

लेझरवाली:
जिवंत भ्रूण तासन्‌तास बघायचा असेल तर लाइट शीट मायक्रोस्कोप, तिथे बघायच्या पातळ थरावरच प्रकाश पडतो, बाकीचं ब्लीच होत नाही (चमक उडत नाही). रिझोल्यूशन कमी मिळतं पण प्राणी जगतो. माझ्याकडे स्टेडचा स्लॉट मागणाऱ्याला मी आधी त्याच सँपलची कॉन्फोकल इमेज आणायला सांगते, 0.17 मिमीच्या कव्हरस्लिपवर बसवलेली. निम्मे तिथूनच परत जातात.

पेशीपंडित:
हेच तर म्हणतोय मी!

धूसर:
आणि उरलेल्या निम्म्यांसाठी मशीन लागतंच, हे मी म्हणतोय.