मिसेस बेनेट खरंच मूर्ख होती का? पैशांचं गणित समजून घ्यायचंय

पुस्तकवेडी

नमस्कार मंडळी. जेन ऑस्टेनची कादंबरी 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कॉलेजात असताना संक्षिप्त वाचलेलं, आता पंधरा-सोळा वर्षांनी पहिल्यांदा पूर्ण वाचतेय. तेव्हा त्यातली पाच मुलींची आई, मिसेस बेनेट, म्हणजे नुसती कटकट वाटली होती, सारखं आपलं लग्न लग्न आणि माझ्या नर्व्ह्ज. आता स्वतःला दोन मुली आहेत म्हणून असेल कदाचित, पण मला ती घाबरलेली बाई दिसतेय आणि तिचा नवरा तिची टिंगल करत लायब्ररीत जाऊन बसतो त्याचा राग येतोय.

पण पैशांचं डोक्यात बसत नाहीये. इस्टेट बापाच्या ताब्यात आहे तर तो सरळ मृत्युपत्र करून मुलींना का देत नाही? ती लांबचा नातेवाईक असलेल्या कॉलिन्सकडेच का जाणार? दुसरं म्हणजे नायक डार्सीचे 10,000 पौंड आणि त्याच्या बहिणीचे 30,000, मग बहीण जास्त श्रीमंत का? आणि नायिका लिझी बेनेटची मैत्रीण शार्लट, तिने त्या कॉलिन्सशी लग्न केलं हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आताही गिळवत नाहीये. कुणीतरी नीट समजावून सांगा.

खतावणी

आयुष्य बँकेत गेलं त्यामुळे हे पुस्तक मी आकड्यांसाठीच दोनदा वाचलंय. डार्सीचे 10,000 हे वर्षाचं उत्पन्न आहे, मुख्यतः जमिनीचा खंड. बहिणीचे 30,000 ही एकरकमी ठेव. पुरुषाचं सांगताना बहुतेक वेळा वर्षाला किती येतात ते सांगतात आणि मुलीचं सांगताना रक्कम, कारण ती रक्कम लग्नात तिच्याबरोबर जायची. असा पैसा बऱ्याचदा सरकारी रोख्यांत असे, व्याज चार-पाच टक्के धरा, म्हणजे बहिणीचे, जॉर्जियानाचे, वर्षाला 1,200 ते 1,500. भाऊ साधारण सात-आठपट झाला.

आता बेनेटांचं. इस्टेटीचं उत्पन्न वर्षाला 2,000. पण आधीच्या पिढीने इस्टेट पुरुष वारसाला बांधून ठेवलीये, बेनेटला फक्त हयातीपुरता उपभोग, विकताही येत नाही आणि मृत्युपत्रातही लिहिता येत नाही. हे सगळ्या देशाला लागू नव्हतं बरं का, ज्या त्या घराण्याने करून ठेवलेली व्यवस्था होती. डार्सीची श्रीमंत मावशी लेडी कॅथरीन स्वतःच सांगते की तिच्या नवऱ्याच्या घरात अशी गरज वाटली नाही, म्हणून तर तिच्या मुलीला त्यांची रोझिंग्ज इस्टेट मिळणार.

यातून सुटायला एक वाट होती, मुलगा झाला असता तर तो सज्ञान झाल्यावर बापलेकांनी मिळून ते बंधन मोडायचं. त्या भरवशावर लग्नानंतर काही साठवलंच नाही! पाच मुली झाल्या, धाकट्या लिडियानंतरही कितीतरी वर्षं मुलाची वाट बघितली आणि मग साठवायला उशीर झाला. आईला काटकसर जमत नव्हती हे खरंय, पण बापानेही कधी वही घेऊन हिशोब मांडला नाही. बायको-मुलींच्या नावाने आहेत एकूण 5,000, चार टक्क्यांनी वर्षाला 200. म्हणजे बाप गेल्या दिवशी सहा बायका घराबाहेर आणि उत्पन्न एकदम दहावा हिस्सा. ही भीती त्या घरात फक्त आई रोज बोलून दाखवते.

रानजाई

खतावणी, +१.

शार्लटबद्दल. ती 27 वर्षांची, रूप नाही, पैसा नाही, आणि ती म्हातारी होईपर्यंत घरीच राहील ही धास्ती गेली म्हणून तिचे भाऊ सुटकेचा श्वास टाकतात, ते वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. बरं, चांगल्या घरातल्या बाईला नोकरी म्हणजे काय तर गव्हर्नेस, म्हणजे दुसऱ्याच्या घरी राहून मुलांना शिकवायचं, ना धड घरची ना धड नोकरांतली. स्वतः जेन ऑस्टेनला 1802च्या डिसेंबरात मोठ्या इस्टेटीच्या वारसाने मागणी घातली, वय जवळपास शार्लटचंच, तिने संध्याकाळी हो म्हटलं आणि सकाळी नाही म्हणून सांगितलं. त्याची किंमत तिने पुढे मोजली. 1805 मध्ये वडील गेले, मग आई आणि दोघी बहिणी भावांनी दिलेल्या पैशांवर या घरातून त्या घरात, 1809 मध्ये एका भावाने चॉटन गावातलं घर दिलं तेव्हा कुठे बूड टेकलं. 'प्राइड'चे हक्क तिने 110 पौंडांना विकले. म्हणून शार्लटला दोष देताना माझी जीभ अडखळते, कारण लिहिणारीला दोन्ही वाटा माहीत होत्या.

काळाकोट

कायद्याचं थोडं. तेव्हा लग्न झालं की बायकोचा रोख पैसा, दागिने सगळं नवऱ्याचं. म्हणूनच पैसेवाल्या घरांत लग्नाआधी करारपत्र करून मुलीची रक्कम बांधून ठेवायचे. डार्सीच्या घरच्या कारभाऱ्याचा मुलगा विकम पंधरा वर्षांच्या जॉर्जियानाला पळवून नेणार होता तेव्हा त्याचा डोळा त्या 30,000 वरच होता.

पुढे लिडिया याच विकमबरोबर पळून जाते, त्या वेळी तिच्या गार्डिनरमामाचं पत्र येतं ते परत वाचा. तिचा 5,000 मधला वाटा आणि बाप जिवंत असेतो वर्षाला 100, एवढंच मागणं. बेनेट हिशोब करतो की घरात तिच्यावर जवळपास तेवढे जातातच, तोटा वर्षाला जेमतेम दहा पौंड. आणि एवढ्यावर विकम तयार झाला म्हणजे कुणीतरी मागून मोठी रक्कम भरली, हे त्याला लगेच कळतं. इंग्लंडमध्ये बायकोचा पैसा नवऱ्याचा हे बदलायला 1870 आणि 1882 चे कायदे यावे लागले.

अवांतर: आपल्याकडे 1874 चा मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी अ‍ॅक्ट अजून आहे. त्याखाली नवऱ्याने बायको-मुलांच्या नावे विमा काढला तर त्याचे सावकार त्या पैशाला हात लावू शकत नाहीत. पॉलिसी घेताना तो पर्याय मागून घ्यावा लागतो, अशिलांना मी नेहमी सांगते.

रानजाई

पुस्तकवेडी, हे संपलं की 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चं दुसरं प्रकरण वाचाच. मरणाऱ्या बापाला शब्द दिलेला सावत्र भाऊ बहिणींना 3,000 द्यायचं ठरवतो, बायको शेजारी बसून बोलत राहते, 3,000 चे 1,500 होतात, मग आईला वर्षाला 100, मग कधीमधी 50, आणि शेवटी सामान हलवायला मदत आणि मोसमात मासे पाठवू. एकदाही आवाज चढत नाही. मला ते प्रकरण वाचताना घाम फुटला होता, कारण वाटणीच्या वेळी असं बोलणं मी ऐकलेलं आहे.

पुस्तकवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री कॉलिन्सच्या मागणीचं प्रकरण परत काढलं. तो लिझीला तोंडावर सांगतो की तुला चार टक्क्यांचे 1,000 पौंडच मिळणार, तेही आई गेल्यावर, पण मी लग्नानंतर कधी बोलून दाखवणार नाही. आधी हे मी वाचून सोडून दिलं होतं. आता हिशोब केला, वर्षाला 40 पौंड! लिझीने नाही म्हटलं ते मला अजूनही शंभर टक्के बरोबर वाटतं. पण तिने हो म्हटलं असतं तर बाप गेल्यावरही ते घर आई आणि चारही बहिणींना उघडं राहिलं असतं, आणि नंतर आई सगळ्या घरभर जो आकांत करते तो या वेळी मी एकही ओळ न गाळता वाचला.