‘मुले सहज रुळतात’ हे वाक्य कोणाच्या सोयीचे?

शंकेखोर (धागालेखक):
‘मुले दहा वर्षांच्या आत असतील, तर परदेशी जाण्याचा निर्णय डोळे झाकून घ्यावा, सहा महिन्यांत ती तिथली भाषा फाडफाड बोलतात आणि वर्षभरात मागचे सगळे विसरतात,’ अशा आशयाचा लेख काल आला आणि त्यावर कौतुकाचा वर्षाव झाला. लेखकाने मुलांच्या वह्या कधी उघडून पाहिल्या आहेत का, असा प्रश्न मला पडला, म्हणून हे सविस्तर उत्तर. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला भेद असा, की खेळताना आणि भांडताना लागणारी भाषा मुले साधारण दोन वर्षांत उचलतात. पण इतिहासाचा उतारा वाचून कारणे लिहिण्यासाठी किंवा गणितातले शाब्दिक उदाहरण सोडवण्यासाठी लागणारी भाषा समवयस्कांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. तोवर अनेक घरांत पुढच्या बदलीची चर्चा सुरू झालेली असते. मुलाचे अस्खलित बोलणे ऐकून शाळा भाषेचा जादा वर्ग बंद करते, आणि नंतर गुण घसरले की ‘लक्ष देत नाही’ असा शेरा येतो.

माझी मुलगी सुरुवातीला वर्गात एक शब्दही बोलत नसे. ‘शांत आहे, छान रुळली आहे,’ असे शिक्षिकेने लिहून पाठवले. मधल्या सुट्टीत ती बाटली घेऊन भिंतीपाशी उभी राही आणि थोड्या थोड्या वेळाने घोटभर पाणी पिई, कारण पाणी पिणाऱ्याला ‘एकटी का उभी आहेस’ असे कोणी विचारत नाही.

मुक्कामपोस्ट:
तो लेख माझाच आहे. आपल्या मुलीविषयी सहानुभूती आहे, पण एका बाटलीवरून जगभरच्या मुलांचा निष्कर्ष काढू नये. नव्या भाषेत शिरताना काही काळ गप्प राहणे हा अभ्यासकांनी नोंदवलेला नेहमीचा टप्पा आहे. मूल त्या काळात ऐकत आणि साठवत असते. माझ्या मुलांचे उच्चार ऐकून ती बाहेरून आली आहेत, हे आज कोणालाही ओळखता येत नाही. आईबापच दिवसभर चेहऱ्याकडे टक लावून बसले, तर मुलाने रुळावे तरी कसे?

सहचारिणी:
‘आईबाप’ कसले? टक लावायला घरी एकच जण उरतो. ज्याच्या नोकरीसाठी बिऱ्हाड हलते, त्याला पहिल्याच दिवशी टेबल, ओळखपत्र आणि जेवायला सोबत मिळते. सोबत आलेल्या जोडीदाराला कित्येक देशांत कामाची परवानगी आपोआप मिळत नाही, आणि मिळाली तरी माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टला तिथल्या नोंदणीसाठी पात्रता नव्याने सिद्ध करावी लागते. घरभाड्याचा करार, बँकेचे खाते, फोन, सगळे नवऱ्याच्या नावावर होते.

मुक्कामपोस्ट:
विषय मुलांचा आहे. कृपया आपले घोडे पुढे दामटू नका. शिवाय हा निर्णय दोघांनी मिळून घेतलेला असतो.

सहचारिणी:
मिळून! कंपनीला आठवड्याच्या आत होकार हवा होता. आणि मुलांचाच विषय हवा असेल, तर १९८० च्या हेग कराराविषयी आपल्या लेखात एक ओळही का नाही? करारात सामील असलेल्या देशांमध्ये, सोळा वर्षांखालील मुलाला त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशातून एका पालकाने दुसऱ्याच्या संमतीविना हलवले, तर मूल परत पाठवण्याचा आदेश होऊ शकतो आणि ताब्याचा प्रश्न सामान्यतः तिथलेच न्यायालय सोडवते. संसार मोडला तर जोडीदाराच्या नोकरीवर टिकलेला माझा राहण्याचा परवाना जाण्याची शक्यता, आणि मुले मात्र तिथेच. सामान बांधताना हे मला कोणीही सांगितले नव्हते.

निवांत:
तो करार मुलांना परस्पर पळवून नेण्याविरुद्ध आहे, हेही लिहा की. आणि सोबत जाणारी नेहमी बाईच असते, हे कोणी ठरवले? मी पत्नीच्या नोकरीसाठी गेलो. शाळेच्या फाटकापाशी जमणाऱ्या आयांनी मला कधी गप्पांत ओढले नाही आणि कार्यालयातल्या पुरुषांनी ‘मग दिवसभर करता काय?’ याखेरीज काही विचारले नाही. आपली तक्रार रास्त आहे. तिची मक्तेदारी मात्र आपल्याकडे नाही.

शंकेखोर:
सहचारिणी यांचे म्हणणे विषयांतर नाही. घरातला मोठा माणूस परावलंबी झाला की त्याचे काम मुलावर येते. दवाखान्यात डॉक्टर माझ्या पत्नीच्या आजाराविषयी मुलीशी बोलत, आणि आईला कितपत सांगायचे हे ती मनाशी ठरवी. हे ‘रुळणे’ असेल, तर त्याची किंमत कोणी मोजली?

मुक्कामपोस्ट:
ठीक आहे. ‘सहा महिने’ काढून ‘काही वर्षे’ असे लिहितो. तेवढ्याने विद्वज्जनांचे समाधान होत असेल, तर माझे काही जात नाही. मात्र लहान वयात जाणे सोपे, हे माझे मत कायम आहे.

सहचारिणी:
दुरुस्ती करतच आहात, तर परवान्याविषयीचा परिच्छेदही घाला. वेळ नसेल तर सांगा, मी लिहून देते.